दारव्हा रोडचं विमान

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण मी जे सांगणार आहे त्यात विमान आहे, भौतिकशास्त्र आहे, एक छोटा हत्ती आहे, वड्या पळवणारी माकडं आहेत, आणि या सगळ्यांत मूर्ख कोण, तर मी! असा किस्सा खरं तर चहाचा कप हातात धरून सांगायचा असतो. पण मला चार माणसांत बोलता येत नाही. पाहुणे आले की मी चहा नेऊन देते आणि कप रिकामे होईपर्यंत स्वयंपाकघरात उभी राहते. म्हणून लिहून सांगते. चहा तुम्ही घ्या.

हा किस्सा आमच्या आबांनी जास्त चांगला सांगितला असता. पण ते आता नाहीत.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला राहतो. आमच्या घरावरून रोज दुपारी चारच्या सुमाराला एक विमान जातं. इतक्या उंचावरून जातं की विमान नाही दिसत, त्याच्या मागची पांढरी रेघ दिसते. आबा, म्हणजे बाबांचे वडील, ती रेघ पाहायला रोज अंगणात खुर्ची टाकून बसायचे. आबा एस.टी.चे ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. त्यामुळे रस्त्यावरून काही जावो की आकाशातून, ती त्यांच्यासाठी गाडीच! रेघ दिसली की मला हाक मारायचे आणि मनगटावरच्या घड्याळात पाहून म्हणायचे, "चारची आली. पाच मिनिट लेट हाय."

ही गाडी नागपूरहून पुण्याला जाते, हेही त्यांनीच ठरवून टाकलं होतं. त्यांना कोणी विचारलं की कशावरून, तर म्हणायचे, "तोंड कोणीकडं हाय ते पाय ना!"

त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू होता. रेघ अगदी डोक्यावर आली तरच त्यांना दिसायची. आणि दम इतका लागायचा की वर्षभरात ते आमच्या गल्लीच्या बाहेर गेले नव्हते.

आता ऐका. जानेवारीत माझ्या ताईला पुण्याच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. रुजू व्हायला दोनच दिवस दिलेले. रेल्वेत जागा नाही, ट्रॅव्हल्सच्या गाड्या भरलेल्या. मग बाबांनी डोळे मिटून विमानाचं तिकीट काढलं. आमच्या घराण्यातलं विमानात बसणारं पहिलं माणूस! आणि सुटायची वेळ काय, तर पावणेचार!

आबांनी तिकीट हातात घेतलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजे पोट्टी माह्या चारच्या गाडीत बसून राह्यली!"

"हो आबा," ताई म्हणाली. "खिडकीतून हात हलवीन. तुम्ही खालून हलवजा."

"हलवतो ना. पण तू डायवरच्या बाजूले नको बसू. तिकडं इंजिनचं गरम लागते."

ताई हसता हसता रडायला लागली. आबा तिच्यापेक्षा जास्त. बाकी आम्ही इकडेतिकडे पाहत उभे.

जायच्या दिवशी आई-बाबा ताईला सोडायला सकाळीच नागपूरला गेले. आबांना नेणं शक्यच नव्हतं. घरी राहिलो आबा, काका, काकू आणि मी. आबांनी अकरा वाजताच दाढी करून घेतली आणि स्वच्छ धोतर नेसलं. चारची वाट पाहायची होती ना!

इथपर्यंत सगळं नीट होतं. इथून पुढे मी शहाणपणा केला.

त्याच आठवड्यात आमच्या अकरावीच्या वर्गात सदिश हा धडा सुरू झाला होता. धडा खरा जुलैतला, पण सरांना सारखी कसली ना कसली सरकारी ड्यूटी लागत होती, म्हणून तो जानेवारीत आला. सदिश म्हणजे सोपं आहे. विमान ज्या दिशेला, ज्या वेगाने निघालं त्याचा एक बाण काढायचा. त्याच्या टोकापासून वाऱ्याचा दुसरा बाण काढायचा. पहिल्याच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जी रेघ येते, ती विमानाची खरी वाट. सरांनी एक गणित फळ्यावर करून दाखवलं. पुढचं गणित उद्या घेऊ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा ड्यूटी लागली.

मला ते बाण इतके आवडले होते! पहिल्यांदाच वाटलं की पुस्तकातली एक गोष्ट आपल्या अंगणापर्यंत आली. आबांना आपण काहीतरी द्यावं असंही वाटत होतं. ताईने तर त्यांना अख्खं विमान दिलं होतं.

मी डिसेंबरचं कॅलेंडरचं पान घेतलं, त्याच्या मागच्या बाजूला नागपूर आणि नेर अशी दोन टिंबं काढली. नकाशावर पट्टी ठेवली, तर नागपूर-पुणे रेघ बरोबर नेरवरून जात होती. विमान ताशी सहाशे. नेरपर्यंत एकशेचाळीस किलोमीटर, म्हणजे चौदा मिनिटं. मग मोबाइलवर वरच्या हवेतला वारा पाहिला. थंडीची लाट होती. वारा उत्तरेकडून दक्षिणेला, ताशी नव्वद! चौदा मिनिटांत किती झाले? एकवीस किलोमीटर!

मी तीनदा हिशेब केला. तीनदा एकवीस. चारची गाडी आज घरावरून जाणारच नव्हती! ती जाणार होती एकवीस किलोमीटर दक्षिणेला, दारव्हा रोडला! आणि आबा इथे अंगणात रिकामं आकाश पाहत बसणार होते.

तुम्हाला वाटेल मी काकांना हळूच बाजूला नेऊन सांगितलं असेल. नाही! मी कॅलेंडरचं पान हातात धरून बैठकीत गेले आणि सगळ्यांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "विमान इथून नाई जाणार."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. एक तर बातमी तशी, आणि दुसरं म्हणजे मी बोलले होते.

"काहून व?" काकू म्हणाल्या. "रोज तर आपल्याच घरावरून जाते."

"रोज एवढा वारा नसते काकू. आन् रोजचं ते पुण्याचंच हाय कशावरून?"

काका पानावर वाकले. काकांकडे छोटा हत्ती टेम्पो आहे, ते माल पोचवतात. आकड्यांबद्दल त्यांना फार आदर आहे. "सहाशे... नव्वद... एकवीस. बापरे! पक्कं हाय?"

"पक्कं हाय."

आबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मले एक सांग माय. हवा लागून राह्यली तवा डायवर काय करून राह्यला?"

मला हसू आलं. "आबा, विमानात डायवर नसते. पायलट असते."

"तेच ते. तो काय करून राह्यला?"

"तो विमान चालवून राह्यला. पण हवा विमानाले ढकलते ना! हा पाहा बाण."

आबांनी एक डोळा मिटून माझा बाण बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "टोपी दे व माही. जाऊ दारव्हा रोडले."

मंडळी, त्या क्षणी मी स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू!

काकांच्या पोटात गोष्ट राहत नाही. छोटा हत्ती दाराशी लावेपर्यंत त्यांनी गल्लीत जाहीर करून टाकलं, "आमच्या पोरीनं गणित केलं! विमान दारव्हा रोडले दिसणार हाय!" समोरच्या सुमनमावशी दोन नातवंडं घेऊन आल्या. त्यांच्या मागून त्यांच्या जाऊबाई. त्यांच्या मागून अजून दोघी, हातात मटारच्या शेंगा तशाच. "घरी सोलाच्या त्या तिथं सोलू!"

काकू मात्र आल्या नाहीत. "गच्चीवर वड्या टाकल्या हायेत. म्या गेली की माकडं येतात. जा तुम्ही, मले फोटो दाखवजा."

आबांना उशा लावून पुढे काकांशेजारी बसवलं. मागे आम्ही पाच बायका-मुली आणि दोन पोरं. गाडी निघाली. मी मागे उभी राहून दांड्याला धरलं होतं आणि वारा तोंडावर घेत होते. काय करू, मला वाटत होतं मीच उडते आहे.

दारव्ह्याच्या अलीकडे काकांच्या ओळखीच्या माणसाचं तुरीचं शेत होतं. तिथे थांबलो. इतकी माणसं उतरताना पाहून तो बिचारा पळत आला.

"कोण्या मंत्र्याचं इमान येऊन राह्यलं काय?"

"माही नात येऊन राह्यली," आबा म्हणाले.

त्याने खाट आणून दिली. आबा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खाटेवर बसले, टोपी नीट केली, घड्याळ पाहिलं. तीन पन्नास.

आणि मग मी काय केलं असेल? मी भाषण केलं! मी, जी वर्गात हजेरीला "हजर" म्हणताना अडखळते, ती मी धुऱ्यावर उभी राहून तुरीच्या काडीने मातीत बाण काढून आठ माणसांना सदिश शिकवत होते. सुमनमावशी मटार सोलता सोलता मान हलवत होत्या. "पोरगी एवढं बोलते काय व!" एक जण म्हणाली. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. आबा आकाशाकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते.

चार वाजले. सगळ्यांच्या माना वर. आकाश निळं, घासून ठेवलेल्या ताटासारखं. चार वाजून दोन मिनिटं. काहीच नाही.

"लेट असन," आबा म्हणाले.

चार वाजून पाच मिनिटं. पोरांच्या माना दुखायला लागल्या. तेवढ्यात सुमनमावशींनी मटारच्या शेंगेनेच उत्तरेकडे दाखवलं. "तो कायचा धूर हाय व?"

मी वळून पाहिलं. दूर, आम्ही जिकडून आलो तिकडे, झाडांच्या शेंड्यांच्या थोडं वर, एक बारीक पांढरी रेघ सरकत होती. सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी. सरळ. अगदी पट्टीने काढावी इतकी सरळ. आणि ती कुठून जात होती हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आलं काय माय?" आबांनी विचारलं.

मी त्यांचा खांदा धरून त्यांना उत्तरेकडे वळवलं. "ते पाहा आबा. तिकडं."

त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. दोन्ही डोळे बारीक करून पाहिलं, मग एक मिटून पाहिलं.

"नाई दिसून राह्यलं बा."

मग त्यांनी त्याच बाजूला हात वर केला आणि हलवला. हळूहळू, डेपोतून सुटणाऱ्या गाडीला हलवतात तसा. दोरा विरून गेल्यावरही हलवत होते. मीच तो हात खाली घेतला.

तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. काकू! आणि काकांना फोन स्पीकरवर टाकायची सवय.

"अवो, कुठसा हा तुम्ही? इमान तर घरावरून गेलं! बरोबर टाकीवरून! अशी ही जाड रेघ! म्या माकडाच्या काठीनंच टाटा केला!"

अख्खं शेत हसलं. काका हसले, शेतवाला हसला, सुमनमावशी इतक्या हसल्या की मटार तुरीत सांडले. "गणितानं पाह्यलं नाई, माकडाच्या काठीनं पाह्यलं व माय!" आबाही हसले. हसता हसता त्यांना दम लागला, मग मी त्यांची पाठ चोळत बसले. म्हणजे माझं तोंड कोणाला दिसलं नाही.

परतताना मी मागे उभी राहिले नाही. खाली, उशांच्या बाजूला बसले.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "आबा! मले आपली पाण्याची टाकी दिसली! म्या किती हात हलवला! तुम्हाले दिसलं काय?"

मी दाराच्या मागे उभी होते. आता आबा सांगणार, असं वाटून मी पडदा घट्ट धरला.

"दिसलं ना!" आबा म्हणाले. "म्या बी हलवला हात. चार वाजून पाच मिनिट. लेट होती तुही गाडी."

पुढे महिनाभर गल्लीत माझं नाव पायलटबाई. किराणा दुकानात गेले तरी, "काय पायलटबाई, आज हवा कोणीकडची हाय?" मी मान खाली घालून साखर घ्यायची आणि पळायची. बोलण्याचं जे दार त्या दिवशी उघडलं होतं, ते मी आतून कडी लावून बंद करून टाकलं.

आबा पुन्हा रोज अंगणात बसू लागले. पण आता रेघ आली की ते मला हाक मारायचे नाहीत. मला वाटायचं, रागावले आहेत. मीही विचारलं नाही. असं करता करता मार्च आला, आणि एका सकाळी आबा उठलेच नाहीत. ताईला सुट्टी मिळाली ती तेव्हा. ती विमानाने नाही, बसने आली, उभ्याने.

तेराव्यानंतर एक दिवस काका छोटा हत्ती धूत होते. सीटच्या मागे आबांची एक उशी सापडली, त्या दिवसाची. काकांनी ती झटकली आणि काखेत धरली. मी बादली आणून ठेवली आणि वळले, तर म्हणाले, "थांब. तुले एक सांगाचं हाय. आबा नको म्हणाले होते, पण आता सांगतो."

ते सांगायला लागले. त्या दिवशी आम्ही मागे चढत होतो तेव्हा आबा पुढच्या सीटवरून त्यांना म्हणाले होते, "चारची घरावरूनच जाणार हाय."

काकांनी विचारलं, "मंग हे गणित?"

"गणित बराबर असन तिचं. पण पायलट काय झोपला हाय? वणीच्या रोडले आडवी हवा सुटली की आपण काय करतो? टेरिंग हवेकडं दाबून धरतो. गाडी वाकडी दिसते, पण जाते सरळ. तोही तेच करत असन."

"मंग सांगा ना तिले! गाडी कायले काढाची?"

तर आबा म्हणाले, "नको. पोरगी आज पयल्यांदा चार माणसांत बोलली. आता मधात तोडलं तर पुन्हा बोलाची नाई. एक गाडी हुकली तर काय होते? उद्या चारची हायेच."

काकांनी उशी माझ्या हातात दिली आणि पाइप पुन्हा सुरू केला. मी ती उशी घेऊन आत गेले. किती वेळ घेऊन बसले ते नाही सांगत. चहा गार होईल तुमचा.

बरं, आता शेवटचं. मार्चच्या अखेरीला आमचे सर ड्यूटीवरून परत आले. येताच त्यांनी तोच धडा उघडला, तेच पान, आणि फळ्यावर ते पुढचं, राहिलेलं गणित लिहिलं. "आडवा वारा आहे. तोंड सरळ पुण्याकडे ठेवलं तर वारा विमानाला बाजूला ढकलणार. तरी विमान रोज पुण्यालाच कसं पोचतं? कोणाला सांगता येईल?"

पुस्तकात ते गणित पुढच्याच पानावर होतं. मी तेव्हा फक्त पान उलटायला हवं होतं! आणि पानही कशाला, खाटेवर बसलेल्या माणसाचा प्रश्न नीट ऐकायला हवा होता.

मी हात वर केला. माझ्या शेजारची मुलगी माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू बाकानेच हात वर केला.

"बोल," सर म्हणाले. मला वाटतं त्यांना माझं नाव आठवत नव्हतं.

मी उभी राहिले. जी तयारी केली होती ती सगळी गेली. तोंडातून आलं ते एवढंच, "सर, डायवर असते ना."

वर्ग फुटला! बाकं वाजली. सरही हसले. पण मी बसले नाही. म्हणाले, "तो टेरिंग हवेकडं दाबून धरते. गाडी वाकडी दिसते, पण जाते सरळ."

सरांनी खडू खाली ठेवला. "उत्तर अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त डायवर नाही म्हणायचं. पायलट."

"तेच ते, सर," मी म्हणाले.

आणि खाली बसून वहीवर इतकी वाकले की सगळ्यांना वाटावं, मी बाण काढते आहे.